उत्तरापुरती परवानगी

"शैलू, ह्यात साखर घातलीस की नुसती दाखवलीस?"

पद्मामावशीचा आवाज बाहेरच्या खोलीतून थेट स्वयंपाकघरात आला आणि शैलजाला हसू फुटलं. तोच आवाज. किंचित नाकातला, एकेक शब्द सुटा करून मांडणारा. सांगलीच्या एसटी स्टँडवर हा आवाज वर्षानुवर्षं घुमला होता. गावात मावशीचा चेहरा कुणाला फारसा ठाऊक नव्हता, पण मंडईत तिनं मेथीचा भाव विचारला की भाजीवाली मान वर करून बघायची आणि म्हणायची, "तुम्ही त्या गाड्या सांगणाऱ्या बाई का हो?"

शैलजा साखरेचा डबा घेऊन बाहेर आली. मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, ओठ मिटलेले. ओठ मिटून ती बोलत असे, आणि घरात आता कुणाला त्याचं नवल वाटत नव्हतं. तिच्या कानामागे त्वचेखाली बोटाच्या पेराएवढी एक पट्टी बसवलेली होती आणि गळ्यात लॉकेटसारखी छोटी ध्वनिपेटी होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर मावशीच्या मनात शब्द उमटत, पण तोंडापर्यंत पोचत नसत, लिहायला हातापर्यंतही नाही. ही पट्टी ते शब्द मेंदूतच टिपायची आणि 'स्वरमेघ' कंपनीच्या दूरवरच्या संगणकांकडे पाठवायची. तिथे त्यांचं वाक्य व्हायचं आणि ते मावशीच्याच आवाजात परत यायचं. हे सगळं एका श्वासाच्या आत. आवाजाचा साचा घडवायला स्टँडवरच्या जुन्या ध्वनिफिती उपयोगी पडल्या होत्या.

त्या मिळवल्या होत्या दस्तगीर मुजावरांनी. मावशी गाड्यांच्या घोषणा करायची तेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून ते गाड्यांची नोंद ठेवायचे. मुजावर आता मिरजेत एकटेच राहत आणि दर गुरुवारी मावशीला भेटायला येत. आजही आले होते. शिवाय अजितच्या बायकोचे, त्रिशलावहिनीचे, आईवडीलही आले होते, त्यामुळे खोली भरलेली होती. मावशीचा मुलगा अजित पाहुण्यांना सोलरचा नवा पंप कसा चालतो ते समजावून सांगत होता.

"दस्तगीर," मावशी मध्येच म्हणाली, "तुमची वरची खोली रिकामीच आहे ना अजून?"

"आहे की."

"मग मी येऊ का राहायला?"

मुजावरांनी कप हळूच खाली ठेवला. त्रिशलावहिनीच्या आईनं नवऱ्याकडे बघितलं. अजित मोठ्यानं हसला. "आई गंमत करतेय."

"गंमत नाही," ध्वनिपेटी म्हणाली. "इथं मला सगळे सांभाळतात. तिथं मी माणसात असेन."

मुजावर लगेचच उठले. त्यांची चप्पल सापडेना, ती शैलजानं शोधून दिली. जिन्यात ते एवढंच म्हणाले, "ताई, माझ्याकडून कधी असला शब्द निघालेला नाही. पण त्या म्हणाल्या ते मला वाईट नाही वाटलं."

शैलजा मगदूम 'स्वरमेघ'च्या कोल्हापूरच्या कार्यालयात परवानगी विभागात होती. कुठल्या माणसानं कंपनीच्या यंत्रणेत काय पाहायचं, काय बदलायचं, कशाला हात लावायचा नाही, हे ठरवण्याचं तिचं काम. ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढीच परवानगी, जास्तीची एकही नाही, हे ती नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवायची. दवाखान्याला पट्टीची तब्येत दिसायची, पण रुग्णाचं बोलणं नाही. दुरुस्ती करणाऱ्याला तारा दिसायच्या, शब्द नाहीत. आणि प्रत्येक रुग्णामागे दोन खाती असायची. एक वापरकर्त्याचं, म्हणजे जो बोलतो त्याचं. दुसरं पालकाचं, म्हणजे ज्यानं संमती दिली त्याचं. मावशीला पट्टी बसवली तेव्हा तिला हो म्हणता येत नव्हतं, नाहीही म्हणता येत नव्हतं. म्हणून अजितनं संमती दिली आणि तो पालक झाला. ते खातं शैलजानं स्वतः उघडून दिलं होतं. मावशी बोलायला लागली की बदलून घेऊ, असं तिच्या मनात तेव्हा येऊन गेलं होतं. मग मावशी बोलायला लागली, आणि त्या आनंदात ते राहूनच गेलं.

पावसाळा सरता सरता ती पुन्हा सांगलीला गेली. मधले दिवस कामाचे होते. फोनवर मावशी "बरं आहे, मजेत आहे" म्हणायची. शैलजाला वाटलं, दमत असेल.

"मावशी, कशी आहेस?"

"मजेत आहे."

"जेवलीस काय?"

"जेवले. छान झालं होतं."

शैलजा तिच्यासमोर स्टूल ओढून बसली. मावशीचे डोळे तिच्यावर खिळले होते आणि डावा हात खुर्चीचा दांडा आवळत होता. ध्वनिपेटी गप्प होती. पुढचं काही विचारेपर्यंत ती गप्पच राहिली. आपणहून एक शब्द नाही. साखरेवरून नाही, पंख्यावरून नाही, शैलजाच्या वाढलेल्या वजनावरूनही नाही.

हे काय आहे ते तिला माहीत होतं. तिच्या विभागात त्याला 'उत्तरापुरती परवानगी' म्हणत. ज्या रुग्णांच्या मनात येईल ते सगळं बाहेर पडतं, शिव्या, किंकाळ्या, वेड्यावाकड्या आठवणी, त्यांच्यासाठी तो स्तर होता. रुग्णाला कुणी विचारलं तरच तो बोलतो, आणि बोलतो तेही मान्य केलेल्या वाक्यांमधलं सर्वांत जवळचं. पालकानं एखादा विषय वगळला असेल, तर त्यावर एखादा सभ्य नकार येतो.

अजित संध्याकाळी दुकानातून आला तेव्हा तिनं सरळ विचारलं, "दादा, तू मावशीचा स्तर खाली आणलास?"

"आणला," तो म्हणाला. त्यानं लपवायचा प्रयत्नही केला नाही. "बस. ऐकून घे. त्या दिवशी काय झालं ते तू पाहिलंस. सासऱ्यांसमोर मला तोंड दाखवायला जागा उरली नाही."

"म्हणून तिचं तोंड बंद केलंस?"

"तिचं तोंड अर्धांगानं बंद केलं, मी नाही." अजितनं बूट काढून बाजूला सरकवले. "शैलू, तू ह्या धंद्यात आहेस, तूच सांग. आपल्या सगळ्यांच्या मनात काय काय येतं? सगळं बोलतो का आपण? तोंडापाशी आलेलं गिळतो. तिला ती सोय नाही. मनात आलं की पेटीतून बाहेर. कशावरून तिला ते खरंच बोलायचं होतं? उद्या शुद्धीवर येऊन ती म्हणाली असती, अजित, तू मला अडवलं का नाहीस? तर?"

"ती शुद्धीवरच आहे."

"तुला ठाऊक?"

पट्टी ठरवलेला शब्द आणि नुसता सुचलेला शब्द ह्यांत फरक करते, असं कंपनीच्या माहितीपत्रात छापलेलं होतं. कार्यालयात मात्र सगळ्यांना माहीत होतं की तो फरक कधी कधी चुकतो. किती वेळा चुकतो, ते मोजायला कुणाकडेही साधन नव्हतं.

"वहिनी म्हणाली, मुजावरांनाही तू येऊ देत नाहीस. का?"

अजितचा चेहरा आवळला. "त्या गृहस्थांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आईनं असं काही बोलल्यावर गुरुवारी गुरुवारी त्यांची गाडी दारात उभी राहिली, तर लोक काय समजतील? तू कोल्हापुरात राहतेस. इथं मला राहायचंय."

दुसऱ्या दिवशी शैलजा विभागप्रमुख पोतदारांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. पोतदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि तिला खुर्ची दिली.

"पालक बदलता येतो," ते म्हणाले. "वापरकर्त्यानं अर्ज करायचा. मात्र आपणहून, स्वतःच्या आवाजात, कुणी न विचारता. शेजारीपाजारी म्हाताऱ्या माणसांकडून हवं ते वदवून घेत होते, म्हणून आपण तो नियम केला. तुम्हीही होता त्या बैठकीला."

"होते, सर. पण तिला आपणहून बोलताच येत नाही. तिची तक्रार तीच आहे."

"मग पालकानं अर्ज करावा."

"पालकाविरुद्धच तक्रार आहे."

पोतदारांनी चष्मा काढून पुसला. "कोर्टात जा म्हणावं."

"कुणी जायचं? ती? कोर्टानं विचारलं, बाई तुम्हाला काही त्रास आहे का, तर ती तिथंही सांगेल, मजेत आहे."

पोतदारांनी हळूच पुढची फाइल उघडली.

आता एकच वाट उरली होती आणि ती नियमातली असूनही नियमातली नव्हती. रुग्णाला कुठे तरी कळ येतेय आणि ती नेमकी सांगता येत नाहीये, अशा वेळी परवानगी विभागातला माणूस सगळे स्तर पंधरा मिनिटांसाठी उचलू शकत असे. त्याला आपत्कालीन प्रवेश म्हणत. कारण द्यावं लागे, आणि नंतर समिती त्याची छाननी करत असे. शैलजानं रजा टाकली, दुपारची गाडी पकडली आणि त्रिशलावहिनी देवळात गेलेली असताना मावशीसमोर जाऊन बसली. लॅपटॉपवर कारणाच्या जागी तिनं लिहिलं, 'रुग्णास असह्य वेदना'. लिहिताना आपण खोटं लिहितोय असं तिला वाटलं नाही.

ध्वनिपेटीवरचा दिवा निळा झाला. मावशीनं डोळे मिटले.

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं, मावशी."

"एवढ्यात मिरजेची गाडी भरतसुद्धा नाही." आणि मग शब्दांची रीघ लागली. "शैलू, मी दिवसभर खोटं बोलते गं. आत ओरडत असते आणि बाहेर येतं 'मजेत आहे'. नको असलेली भाजी ताटात पडते, मी म्हणते 'छान झालंय'. परवा दस्तगीर दारापर्यंत आले होते. अजितनं त्यांच्यासमोर मला विचारलं, आई, कुणाला भेटायचंय का? मी जीव तोडून हो म्हटलं. पेटी म्हणाली, 'आज नको, दमलेय.' माझ्या आवाजात म्हणाली. ते ऐकून खाली मान घालून गेले. झटका आला तेव्हा मी मुकी झाले होते, पण निदान खोटी नव्हते. हे असं वाक्य घालायचं कुणी ठरवलं?"

शैलजा जमिनीकडे बघत राहिली. "आमच्या विभागानं."

"तू होतीस?"

"होते."

मावशीनं डावा हात उचलला. शैलजाला वाटलं, मारणार. हात तिच्या डोक्यावर क्षणभर टेकला आणि खाली गेला.

"माझं खातं माझ्या नावावर कर."

"ह्या पंधरा मिनिटांतला अर्ज धरत नाहीत. एरवी दादानंच अर्ज करायला हवा."

"मग माझ्या एकटीच्या हातात काय आहे? कुणाला न विचारता मला काय करता येतं?"

शैलजाला उत्तर माहीत होतं आणि ते सांगू नये असं तिला फार वाटलं. पण समोर बसलेल्या बाईला आणखी एकदा सभ्य नकार द्यायचा तिचा धीर झाला नाही.

"एकच गोष्ट. संमती मागे घेता येते. तू स्वतः म्हटलंस की मी संमती मागे घेते, अगदी ह्या पंधरा मिनिटांत म्हटलंस, तरी यंत्रणेला ऐकावंच लागतं. पण मग पट्टी कायमची निकामी होते. आवाजाचा साचाही पुसतात. पुन्हा करता येत नाही, मावशी. तसा कंपनीचा नियम आहे."

"म्हणजे गप्प बसायचा हक्क तेवढा माझा."

शैलजानं घड्याळाकडे पाहिलं.

"दस्तगीरना फोन लाव," मावशी म्हणाली.

शैलजानं फोन लावून तिच्या मांडीवर ठेवला आणि ती गॅलरीत गेली. खाली रस्त्यावर एक माणूस इलेक्ट्रिक रिक्षा धूत होता. आतून शब्द कळत नव्हते. एकदा मात्र मावशीचं हसणं ऐकू आलं. पेटीतून आलेलं नव्हे, तिचं स्वतःचं, घशातलं, अर्धं वाकडं हसणं. ते यंत्राला कधीच जमलं नव्हतं.

ती आत आली तेव्हा वेळ संपत आला होता. फोन बंद झाला होता. मावशीचा चेहरा लाल होता आणि ती दाराकडे बघत होती, जणू आता कुणी येऊन तिला विचारणार होतं, आई, कशी आहेस.

"काढून टाक," ती म्हणाली.

"मावशी, घाई करू नकोस. मी वरपर्यंत भांडेन. काही महिने लागतील, पण..."

"काही महिने मी 'मजेत आहे' म्हणत बसू? काढ म्हणते ना!"

"विचार कर."

"मी, पद्मावती आवटी," मावशीनं एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "माझी संमती मागे घेते."

यंत्रणेनं खात्री करून घेण्यासाठी पुन्हा विचारलं. मावशी म्हणाली, हो. निळा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. मावशीचे डोळे मोठे झाले. तिनं काहीतरी म्हटलं असावं, कारण तिची मान किंचित पुढे आली. पण पेटीतून काही आलं नाही.

अजितला हे दुकानात, फोनवरच्या पालकाच्या खात्यातून कळलं. तो धावत आला, आईपुढे गुडघ्यावर बसला, "आई, आई" म्हणत राहिला. मावशी त्याच्याकडे बघत होती. मग तो उठला आणि शैलजाकडे वळला. तो चिडेल हे तिला ठाऊक होतं, तो रडेल असं वाटलं नव्हतं.

"गेल्या वर्षभरात मी आईशी जेवढं बोललो तेवढं जन्मात बोललो नव्हतो," तो म्हणाला. "रोज दुकानातून आलो की विचारायचो, आई, कशी आहेस. ती म्हणायची, मजेत. तेवढ्यावर मी झोपायचो. तू तिला दुसऱ्यांदा मुकी केलीस."

"तू ज्याच्याशी बोलत होतास ते तुझंच बोलणं होतं, दादा. तिचं नव्हतं."

"आवाज तर तिचा होता!" अजित ओरडला. "जा तू. जा इथून."

समितीनं फार वेळ घेतला नाही. आपत्कालीन प्रवेशाचा गैरवापर, आणि तोही नातेवाइकाच्या खात्यावर. शैलजाची परवानगी टप्प्याटप्प्यानं काढली गेली. आधी रुग्णांची खाती, मग विभागाचे दस्तऐवज, मग कार्यालयाचं दार. ही क्रमवारी तिनं स्वतः कितीतरी जणांवर वापरली होती, त्यामुळे पुढे काय बंद होणार ते तिला दर वेळी आधीच कळत होतं. दिवाळीनंतर जुन्या सहकारिणीचा फोन आला. कंपनीनं नियम सुधारला होता. यापुढे वापरकर्त्याला संमती मागे घ्यायची असेल, तर पालकाची मान्यता लागणार होती. "रुग्णांच्या हितासाठी असं लिहिलंय," सहकारीण म्हणाली. मावशीच्या हातातली एकुलती एक गोष्ट होती, ती आता देशभरातल्या कुणाच्याच हातात राहिली नव्हती.

थंडीत शैलजा सांगलीला गेली. फाटकापाशीच तिला मुजावर भेटले. ते निघाले होते.

"तुम्ही येता होय?" शैलजाला आश्चर्य वाटलं.

"येतो. अजितरावांनीच निरोप धाडला. म्हणाले, आता या, आता काही प्रश्न नाही." मुजावरांनी मफलर सारखा केला. "बरोबर आहे. आता त्या काही बोलत नाहीत, मग कुणाला कसली अडचण? मी बसतो, स्टँडच्या गोष्टी सांगतो. ऐकत असतात."

"त्या दिवशी फोनवर काय म्हणाली ती तुम्हाला?" शैलजानं विचारलं. हा प्रश्न तिला कित्येक महिने छळत होता. "म्हणजे... निरोप घेतला का तिनं?"

मुजावर गोंधळले. "निरोप? नाही हो. खूप बोलल्या. माझ्या वरच्या खोलीला पडदे कोणते लावायचे त्याच्यावर बोलल्या. आणि शेवटी म्हणाल्या, उद्या याच वेळेला पुन्हा करते. मी दुसऱ्या दिवशी फोन घेऊन बसलो होतो, ताई. दिवसभर."

मुजावर रिक्षात बसून गेले तरी शैलजा फाटकाला धरून उभीच राहिली. उद्या पुन्हा करते. फोन ठेवताना सगळेच म्हणतात तसं मावशी म्हणाली असेल. किंवा ती खरंच दुसऱ्या दिवसाचं ठरवत असेल, आणि मग काही क्षणांनी अजितची आठवण होऊन रागाची एक लाट आली असेल. तुमच्याआमच्या तोंडापाशी येऊन विरते तशी. 'काढून टाक'. मनात आलं आणि पेटीतून बाहेर पडलं. आणि तेवढं एकच वाक्य, त्याच लाटेतल्या एका 'हो'सकट, यंत्रणेनं मुकाट मानलं.

दार त्रिशलावहिनीनं उघडलं. ती आत गेली. मावशी खिडकीपाशी होती. शैलजाला बघून तिच्या घशातून एक आवाज निघाला. तिनं डाव्या हातानं शैलजाचा हात ओढला आणि स्वतःच्या कानामागे नेऊन टेकवला. निकामी पट्टी डॉक्टरांनी काढून टाकली होती; तिथली त्वचा सपाट होती, फक्त एक बारीक व्रण लागत होता.

"मावशी," शैलजानं विचारलं, "परत हवं होतं का तुला हे?"

मावशीनं मान हलवली. वरखाली.

"की गेलं तेच बरं झालं?"

मावशीनं मान हलवली. तशीच, वरखाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती शैलजाचा हात सोडत नव्हती. ह्या जातीच्या अर्धांगात होकार-नकाराची मानही भरवशाची राहत नाही, माणसाच्या मनात एक असतं आणि मान दुसरंच करते, असं डॉक्टर म्हणाले होते.

शैलजा तिच्यापुढे बसून राहिली. तिच्याजवळ आता कसलीच परवानगी नव्हती, आणि असती तरी तिचा उपयोग नव्हता. त्या दुपारी मावशीनं स्वतःसाठी काहीतरी ठरवलं होतं की तिच्या मनातून एक क्षण नुसता जात होता आणि आपण तो पकडून कायमचा केला, हे आता कुणाला विचारायचं?